जुन्या लोखंडावरचा गंज : खंडेनवमीच्या आधी या चुका टाळा

कोल्हापुरात खंडेनवमी जवळ आली की अनेक घरांत माळ्यावरच्या तलवारी, कट्यारी, अडकित्ते आणि जुनी कुलपे खाली उतरतात, आणि चार महिन्यांच्या दमट हवेने त्यांच्यावर धरलेला तांबूस थर पाहून घरातले कोणीतरी पॉलिश पेपर घेऊन बसते. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली वस्तू बहुधा अशा एखाद्या दुपारीच कायमची बिघडते.

पहिली चूक हात लावण्याआधीच होते, ती म्हणजे प्रत्येक काळपट डागाला गंज समजणे. बोटाला पूड लागते, कडेने पापुद्रे सुटतात आणि रंग तांबडा-नारिंगी असतो, तो चालू गंज; तो काढलाच पाहिजे. पण गुळगुळीत, घट्ट बसलेला, काळा किंवा गडद तपकिरी थर बहुतेक वेळा स्थिर असतो, खालच्या धातूला काही अंशी जपतो आणि वस्तूचे वयही सांगतो. पितळेवर किंवा तांब्यावर दिसणारा हिरवा थर हा तर गंज नव्हेच, तो कळंक; त्याला लोखंडाचे उपाय लावू नयेत. शंका असेल तेथे लोहचुंबक लावून पाहावे : लोखंड चिकटते, पितळ-तांबे चिकटत नाही. मात्र निकेलचा मुलामा दिलेले लोखंडही चुंबकाला चिकटते, हे विसरू नये.

दुसरी चूक घासण्याची. पॉलिश पेपर, ड्रिलला लावलेला वायर ब्रश किंवा बफ (चकाकी आणणारे फिरते चाक) गंजाबरोबर मूळ पृष्ठभागही नेतो. जुन्या पोलादी पात्यावरच्या पाण्यासारख्या लहरी, म्हणजे जौहर, त्यामुळे दिसेनाशा होतात. मुठीवर कोफ्तगिरी असेल, तर सोन्या-चांदीची ती तार बारीक ओरखड्यांच्या जाळीवर केवळ ठोकून बसवलेली असते आणि जोराने घासल्यास सुटून येते. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागात कास्टिंग साफ करण्यासाठी वापरतात ते शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक धातूच्या गोळ्यांचा मारा, नव्या ओतकामाला योग्यच आहे, पण म्हणून तेथे कट्यार नेऊ नये.

आम्लाच्या बाबतीत मी स्वतः शहाणपण उशिरा शिकलो. पितळी दांडे आणि लोखंडी पाते असलेला घरातला एक अडकित्ता मी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला. सकाळी गंज गेला होता, परंतु पाते राखाडी झाले होते आणि पितळेला लागून असलेल्या कडेवर खड्डे पडले होते. कारण साधे आहे : आम्लयुक्त पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकलेले असले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात लोखंड वेगाने झिजते. चिंच आणि लिंबू यांचाही हाच धोका. आम्ल जस्ताचा मुलामा विरघळवते, बंदुकीच्या नळीवरचा निळसर-काळा थर उतरवते आणि कडक केलेल्या पोलादी स्प्रिंगा ठिसूळ करू शकते.

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून गंज काढण्याची पद्धत अखंड, बिनमुलाम्याच्या लोखंडासाठी चांगली आहे. वस्तू ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडावा. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावले तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरते, आणि सोड्याऐवजी मीठ घातले तर क्लोरीन वायू निघतो. हे काम उघड्या जागीच करावे, कारण हायड्रोजनही निघतो. रंगवलेल्या वस्तूचा रंग यात जातो.

माझ्या मते घरी करण्याजोगा सुरक्षित मार्ग संथ आहे. शिवणयंत्राचे पातळ तेल लावून वस्तू काही तास ठेवावी, मग बांबूच्या टोकदार काडीने गंज हळूच खरवडावा आणि मऊ सुती फडक्याने टिपावा. शून्य-शून्य-शून्य-शून्य क्रमांकाची अतिबारीक स्टील वूल तेलासह वापरता येते, पण फक्त जेथे नक्षी, मुलामा किंवा निळसर थर नाही तेथेच, आणि तीही आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावी. लाल रंग उतरला की थांबावे. चकाकी आणण्याचा मोह येथेच आवरावा लागतो.

पाणी वापरलेच तर वस्तू ताबडतोब हेअर ड्रायरने सुकवावी, नाहीतर काही मिनिटांतच नवा तांबूस थर दिसू लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात चिखलात बुडालेल्या वस्तूंनाही हाच नियम लागू होता : आधी स्वच्छ पाण्याने गाळ काढायचा, मग लगेच सुकवायचे.

शेवटचे संरक्षण म्हणून खोबरेल तेल लावण्याची सवय सोडावी. खाद्यतेल कालांतराने खवट आणि चिकट होते व धूळ धरते. त्याऐवजी टर्पेंटाइनने पुसून, सुकवून मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. तलवार वर्षभर म्यानात ठेवू नये : झाडाच्या सालीने कमावलेले चामडे ओल धरते, आणि त्यातील टॅनिन लोखंड काळे करते. हातमोजे घालूनच पाते धरावे, कारण घामातील मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात.

पूजेनंतर मात्र एक काम त्याच संध्याकाळी करावे. हळदकुंकू, ओली फुले आणि लिंबाचा रस पात्यावर रात्रभर राहू न देता कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा हात पुन्हा द्यावा, आणि मगच शस्त्र माळ्यावर चढवावे.