बारा चिमट्यांचा धंदा: एडीएचडी किंवा ऑटिझम असताना इंदूरात घरून फराळ विकायचा तर

चकली बिघडते म्हणून एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि कामं आखणं जड जाणारी मेंदूची ठेवण) असलेल्याचा धंदा बुडत नाही. तो बुडतो ऑर्डरीत. फोनवर "हो, देते" म्हटलं, कढईकडे वळलं, की ऑर्डर डोक्यातून गेली. हातातलं काम होईपर्यंत दुसरी गोष्ट धरून ठेवणारी स्मृती इथे तोकडी पडते, आणि निश्चय करून ती वाढत नाही. म्हणून आठवण डोक्यातून काढून भिंतीवर टांगायची.

कपडे वाळत घालायची दोरी बांधा, तिच्यावर १२ चिमटे लावा. एक चिमटा म्हणजे १ किलो माल. ऑर्डर आली की फोन ठेवायच्या आधी चिठ्ठी लिहायची: नाव, पदार्थ, वजन, द्यायचा वार आणि तारीख, किती पैसे आले. वार हवाच. १४ आणि १५ ची गल्लत होते, मंगळवार-बुधवारची सहसा होत नाही. दोरीच्या डाव्या टोकाला घेतलेल्या ऑर्डरी, मधे तळून झालेल्या, उजवीकडे बांधून ठेवलेल्या. वही, मोबाईल, कॅलेंडर यांत पुन्हा काही लिहू नका. दोन जागा झाल्या की दोन्ही अर्धवट राहतात. चिमटे संपले की त्या आठवड्याच्या ऑर्डरी बंद. समोरच्याला "नाही" म्हणणं ज्यांना जड जातं, त्यांच्या वतीने दोरीच नाही म्हणते.

१२ हा आकडा उदाहरणापुरता आहे, तुमचा तुम्ही मोजा. भाजणी काढल्यापासून सोऱ्या धुऊन ठेवेपर्यंतचा वेळ तीनदा घड्याळ बघून लिहा. तिन्हींची सरासरी काढू नका, सगळ्यात मोठा आकडा घ्या. वेळेचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा कमीच धरल्याने: तेल तापणं, गार होणं, पिशव्या सील करणं हे सगळं आपण हिशेबात शून्य धरतो. गार होण्याला फाटा देता येत नाही. कोमट चकली पिशवीत गेली की वाफ आत कोंडते आणि दुसऱ्या दिवशी चकली मऊ. समजा, किलोला सर्वांत जास्त अडीच तास लागले आणि आठवड्याला ३० तास हातात आहेत, तर १२ चिमटे. दिवाळीला चिमटे वाढवायचे असतील तर आधी मदतीला माणूस ठरवा.

टायमर चावीचा घ्या आणि गळ्यात अडकवा. मोबाईलचा टायमर बंद करायला गेलेला माणूस मेसेज वाचत बसतो, आणि कढईतलं तेल कुणाची वाट बघत नाही. अ‍ॅप्रन अंगावर आहे तोवर स्वयंपाकघर सोडायचं नाही. बाहेर जायचंच असेल तर आधी गॅस बंद, मग अ‍ॅप्रन खुंटीला.

खरेदीला सियागंजचा घाऊक बाजार स्वस्त पडतो, पण गोंगाट, हातगाड्या आणि दहा दुकानांचे दहा भाव यांत ऑटिझम असलेल्याचा सगळा दिवस खर्ची पडतो. एकच दुकान पक्कं करा, यादी तीच ठेवा, फक्त आकडे बदलून आदल्या दिवशी पाठवा. किलोमागे दोन-तीन रुपये जास्त गेले तरी चालतील. एडीएचडीवाल्याला मात्र बाजारात जाऊन हुरूप येतो. त्याने जावं, पण मोजके पैसे घेऊन आणि यूपीआय घरी ठेवून. दोन्ही असलेले लोकही कमी नाहीत. तशांनी बनवण्यात तोचतोपणा ठेवावा आणि नवेपणाची हौस महिन्याच्या एका प्रयोगावर भागवावी. रात्री दोनला सुचलेला पदार्थ कागदावर लिहून बरणीत टाका, बरणी १ तारखेला उघडा.

ज्यांचं डोकं रात्री चालतं त्यांनी पहाटे उठायचा हट्ट सोडावा. सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटल्यावर खाण्याचा बाजार भरतो, तेव्हा उशिरा जागणारे या गावात काही परके नाहीत. रात्री पॅकिंग करा, डिलिव्हरी दुपारी. सुदामानगर आणि टिळकनगर दोन दिशांना. एका दिवशी एकच दिशा. रंगपंचमीच्या गेरीला (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्री राजवाड्याकडची डिलिव्हरी कबूलच करू नका.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर झटपट उत्तरं भरून ठेवता येतात. '/' टाइप केलं की यादी उघडते. भाव, पत्ता, "या आठवड्याच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या" ही तीन पुरतात. मेसेज दिवसातून दोनदाच बघायचे, तेही दोरीपाशी उभं राहून. पाकिटं फक्त अर्धा किलोची, भाव दहाच्या पटीत. आकडे उलटसुलट दिसणाऱ्यांची यानेच अर्धी चूक टळते.

धंद्याचं बँक खातं वेगळं असावं, क्यूआर त्याचाच. बिलं खिळ्याला टोचत जा आणि शनिवारी चार ते पाच त्यांचे फोटो सीएला पाठवा. त्या तासाला घरातलं कुणीतरी शेजारी बसवा. वहिनी नुसत्या शेंगा सोलत बसल्या तरी चालतं. शेजारी माणूस असला की टाळलेलं काम सुरू होतं. जीएसटी नोंदणी असेल आणि तिमाही रिटर्नचा पर्याय घेतला असेल, तर मध्य प्रदेशात तिमाहीनंतरच्या महिन्याची १३ तारीख जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील), २२ तारीख जीएसटीआर-३बी ची (एकूण कराचा गोषवारा). तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या २५ तारखेपर्यंत भरायचा. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं, आणि "काही विकलंच नाही" म्हणून सोडलेल्या रिटर्नवरही विलंब शुल्क चढतं. गजर १० तारखेचा लावा, १३ चा नको.

काही दिवशी काहीच होत नाही. त्या दिवसासाठी एक कार्ड चांगल्या दिवशी लिहून फ्रिजवर लावा: रेग्युलेटर बंद, दोरीच्या उजव्या टोकाचा बांधलेला माल तेवढा रिक्षाने पाठवा, डावीकडच्या प्रत्येकाला तयार मेसेज, "काकू, तुमची ऑर्डर दोन दिवस पुढे जातेय. नको असेल तर पैसे आजच परत करते." कारणं लिहू नका. कारण शोधण्यातच दुपार जाते आणि मेसेज राहून जातो.