लहानपणीचा व्हिडिओ गेम पुन्हा खेळायचाय? मग असा खेळा

मिरजेला मामाकडे मे महिन्यात दुपारी जेवणं झाली की आम्ही मामेभावंडं टीव्हीपुढे सतरंजी टाकून बसायचो. रिमोट दोन, पोरं पाच. लाईफ संपली की रिमोट पुढच्याच्या हातात. साडेतीनच्या सुमाराला मामी यायची, टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "बंद करा आता, पिक्चर ट्यूब जाईल." या सगळ्याला तीस वर्षं होत आली. आता ओळखीतले कितीतरी जण मला विचारतात, की ते गेम परत खेळता येतील का? येतात. पण बहुतेक जण घाईत पाचशे गेमचा एखादा डबा विकत घेतात, दहा मिनिटांत वीस गेम उघडून बघतात आणि "आता मजा नाही राहिली" म्हणून बंद करतात. मजा आहे, पण थोडी तयारी करावी लागते. ती कशी करायची ते सांगतो.

१. एकच गेम निवडा आणि त्याचं खरं नाव शोधा

आपल्याकडे गेमला नावं आपणच ठेवली होती. कॅसेटवर "९९९ इन १" छापलेलं असायचं आणि आत मोजके गेम फिरून फिरून यायचे. म्हणून आधी ओळख पटवून घ्या. टँकवाला गेम, ज्यात विटांच्या आडचा गरुड सांभाळायचा, तो नॅम्को कंपनीचा १९८५ चा बॅटल सिटी. कुऱ्हाडी फेकत, फळं खात पळणारा, मध्येच स्केटबोर्ड मिळणारा तो अ‍ॅडव्हेंचर आयलंड. सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उड्या मारायच्या तो सर्कस चार्ली. पेट्रोल संपत जाणारी गाडी म्हणजे रोड फायटर. हातोड्याने बर्फ फोडत वर चढणारी दोघं म्हणजे आइस क्लायंबर. मारिओ आणि कॉन्ट्रा यांची नावं सगळ्यांच्या तोंडात होतीच.

यातला एकच घ्या. पहिल्या रविवारी दुसरा उघडायचाच नाही. तेव्हा आपल्याकडे कॅसेट दोन किंवा तीन असायच्या, म्हणून तर प्रत्येक गेमची वीट न् वीट पाठ झाली.

२. माळ्यावरचा जुना सेट काढणार असाल तर

आपल्या घरांत आलेले बहुतेक सेट हे निंटेंडो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉम या गेम-सेटच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटला ६० पिना असतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या निंटेंडोच्या कॅसेटला ७२. जुनी कॅसेट विकत घेताना हे आधी विचारा, नाहीतर ती खाचेत बसणारच नाही.

सगळ्यांत आधी अडॅप्टर तपासा. इथे माझं नुकसान झालंय म्हणून पोटतिडकीने सांगतो. मामाचा सेट मी सहा वर्षांपूर्वी घरी आणला. मूळ अडॅप्टर हरवला होता, म्हणून घरातला दुसरा एक लावला. पिन नेमकी बसली. बटण दाबलं, लाल दिवा क्षणभर लागला, जळका वास आला आणि सेट गेला. पिन तीच होती, पण प्लस-मायनस उलटे होते. म्हणून सेटच्या तळाशी किंवा जॅकजवळ काय छापलंय ते वाचा. किती व्होल्ट, आणि मधली पिन मायनस की प्लस, हे गोलाच्या चिन्हाने दाखवलेलं असतं. असे बरेच सेट ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि मधली पिन मायनस असते, पण सगळेच तसे नाहीत. छापील मजकूर पुसला गेला असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नेऊन तपासून घ्या, अंदाजाने लावू नका. कुणी जपानहून खरा फॅमिकॉम आणला असेल तर त्याचा अडॅप्टर तिथल्या १०० व्होल्टच्या विजेसाठी असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट घालायचा नाही.

मग कॅसेट. फुंकर मारायची नाही. आपण सगळ्यांनी आयुष्यभर तेच केलं आणि गेम सुरूही झाला. पण चालू झाला तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, तिचा संपर्क नीट जुळल्यामुळे. तोंडातली वाफ त्या पिनांवर बसते आणि काही वर्षांत त्यांना काळपट, हिरवट डाग पडतात. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ते मिळतं. कानात घालायच्या कापसाच्या काडीचं टोक त्यात ओलं करा आणि पिनांवरून वरपासून खालपर्यंत एकाच दिशेने फिरवा. काडी काळी येईल. दुसरी घ्या, तिसरी घ्या. चौथी पांढरी निघाली की थांबा. पिना फारच काळ्या असतील तर पांढऱ्या खोडरबराने अगदी हलक्या हाताने घासा, मग परत अल्कोहोल. पंधरा मिनिटं वाळू द्या. स्वस्त कॅसेट उघडलीत तर आत हिरव्या पट्टीवर घट्ट झालेला एक काळा गोळा दिसेल. चिप त्याच्या पोटात असते. तोच बिघडला असेल तर दुरुस्ती नाही, ती कॅसेट आठवण म्हणून ठेवा.

३. टीव्ही

सेटला पिवळी-पांढरी एव्ही वायर असेल तर ती आजच्या बऱ्याच टीव्हींना थेट किंवा छोट्या जोडणीने लागते. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत जुन्या पद्धतीचं चॅनेल शोधण्याची सोय लागते. जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी करा. "गेम मोड" चालू करा आणि चित्र ४:३ वर आणा. गेम मोड नसेल तर टीव्ही प्रत्येक चित्र आधी सुधारत बसतो, मगच दाखवतो, आणि मारिओ खड्ड्यात पडल्यावर तुमची उडी येते. आणि पडदाभर ताणलेल्या चित्रात तो बुटका, जाडा दिसतो.

बदकं मारायची बंदूक मात्र चपट्या टीव्हीवर चालणारच नाही, कितीही वायरी बदला. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड बघतो. हे सगळं जुन्या ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे. बंदूक हवीच असेल तर नातेवाइकांच्या माळ्यावरचा डबा-टीव्ही मागून आणा. फक्त तो स्वतः उघडू नका. वायर काढून ठेवलेल्या ट्यूबमध्येही विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो.

४. सेट नसेल तर

यात कमीपणा नाही. माझाही जळलाच. कोनामी कंपनीचा कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन २०१९ मध्ये आला आणि तो कॉम्प्युटरवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेता येतो. बॅटल सिटी हवा असेल तर २०२० च्या नॅम्को म्युझियम अर्काइव्ह्जचा दुसरा भाग घ्या. मारिओ निंटेंडोच्या स्वतःच्या स्विच या नव्या गेम-सेटवर वर्गणी भरून मिळतो. कॉम्प्युटरसाठी साधे यूएसबीचे दोन रिमोट घ्या. कीबोर्डवर खेळू नका, अंगठ्याला जे आठवतंय ते कीबोर्डवर येत नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना खटकते. गेम जास्त वेगात चालतोय असं वाटतं आणि वयाला दोष दिला जातो. कारण वेगळं असू शकतं. हे गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या जपानी-अमेरिकी टीव्हींसाठी लिहिले होते. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चे. त्या पद्धतीच्या नकली सेटवर गेम आणि त्याचं संगीतही साधारण सहाव्या हिश्शाने हळू चालायचं. तुमच्या आठवणीतला मारिओ खरोखरच सावकाश पळत असेल. दोन-तीन दिवसांत हात जुळतो.

५. हात बसवा

अंगठा आडवा ठेवा. टोक बी बटणावर, मधलं पेर ए वर. बी दाबून धरलं की मारिओ पळतो, ते न सोडता ए दाबलं की उडी लांब जाते, आणि ए जितका वेळ धराल तितकी उंच. पहिल्या दिवशी फक्त पहिलं स्टेज, दहा वेळा. सगळी लाईफ संपली तर मूळ गेममध्ये सुरुवातीच्या पडद्यावर ए धरून स्टार्ट दाबा. ज्या वर्ल्डमध्ये मेलात तिथून सुरू होतं. हे मला लहानपणी माहीत असतं तर किती दुपारी वाचल्या असत्या!

कॉन्ट्रात गोळ्यांसाठी बोट दुखेल. आपल्या जुन्या रिमोटवर टर्बोची दोन जादा बटणं होती, ती धरून ठेवली की काम व्हायचं. साध्या रिमोटला ती नसतात. तीस लाईफ हव्या असतील तर सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए आणि स्टार्ट. दोघं असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा कोड मूळचा कॉन्ट्राचा नाही. कोनामीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रॅडियस या गेमसाठी तो घातला, कारण तपासणीसाठी स्वतःचाच गेम त्यांना फार अवघड जात होता. तेव्हा कोड वापरताना अजिबात संकोच करू नका. नव्या कलेक्शनमधली कुठेही सेव्ह करायची सोय मात्र सुरुवातीला टाळा. दर दहा सेकंदांनी सेव्ह केलं की जीव मुठीत धरून खेळणं संपतं, आणि खेळाची गोडी त्यातच आहे.

६. दुसरा रिमोट रिकामा ठेवू नका

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक इथे होते. हे गेम एकट्याने खेळून बघतात आणि मग ते पोकळ वाटतात. बॅटल सिटीत पिवळा टँक एकाचा, हिरवा दुसऱ्याचा. चुकून जोडीदाराला गोळी लागली की तो थोडा वेळ जागच्या जागी खिळतो, आणि तेवढ्यात गरुड जातो. त्यावरून होणारी भांडणं हा गेमचाच भाग आहे. मुलं असतील तर त्यांना गेममधल्या कन्स्ट्रक्शन या पर्यायात विटा, पाणी, झाडं मांडून स्वतःचं मैदान करू द्या. तुम्हाला ती तिथे हरवतील.

कॉन्ट्राचं तिसरं स्टेज, धबधब्याचं, दोघांनी खेळून बघा. वरचा उड्या मारत पुढे गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. थांबावं लागतं, बोलावं लागतं. सगळी लाईफ संपली की जोडीदाराच्या शिल्लक लाईफमधून एक घेता येते, आणि ती विचारून घ्यायची की न विचारता, यावर आमच्याकडे नाती ठरायची.

म्हणून ज्याच्याबरोबर खेळलात त्याला फोन करा. गेल्या दिवाळीत मी मामेभावाला बोलावलं. तो आता पन्नाशीला आलाय, चष्मा लागलाय. धबधब्यावर मी वर पोचलो, तो खालच्या दगडावर अडकला. मी थांबलो. तीस वर्षांपूर्वी मी थांबत नसे, हे त्याला चांगलंच आठवत होतं. तो म्हणाला, "थांबलास का रे?" आणि उडी चुकला.

उठताना कॅसेट सेटमधून काढा, अडॅप्टर सॉकेटमधून काढा, दोन्ही सुती पिशवीत घाला आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी ती पुडी बदला.