लिनक्सवरचं वाय-फाय सारखं तुटतंय? आधी नेमकं कुठे तुटतं ते शोधा

नारायण पेठेत आमच्या आत्याचं घर आहे, जुन्या वाड्यातलं. तिच्या लॅपटॉपवर मी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलं होतं. पावसाळा लागला आणि तिचा फोन आला, "अरे, पाऊस आला की नेट जातं बघ." मी जाऊन पाहिलं. एरवी ती ओसरीवर राउटरजवळ बसते. पावसाची झड आत यायला लागली की लॅपटॉप उचलून माजघरात येते, आणि मध्ये दीड-दोन फूट जाडीची भिंत आहे. पाऊस निमित्त होता, कारण भिंत होती.

नेट तुटायला लागलं की बहुतेक जण आधी पासवर्ड बदलतात, राउटर बंद-चालू करतात, आणि शेवटी सगळी सिस्टीम नव्याने टाकतात. एवढं करूनही काय बिघडलं होतं ते कळत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी बिघाडाची जागा शोधा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते वहीत लिहून ठेवा.

खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप मात्र इंग्रजीत, छोट्या अक्षरांत करायच्या. टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, उघडायला बहुतेक ठिकाणी कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा.

पहिली पायरी: तीन पिंग

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. आधी "आयपी रूट" ही आज्ञा द्या. "डिफॉल्ट व्हाया" या शब्दांपुढे जो पत्ता दिसेल तो तुमच्या राउटरचा. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता "पिंग" लिहून जागा सोडा, हा पत्ता लिहा आणि एंटर दाबा. दर सेकंदाला एक ओळ येईल, तिच्या शेवटी उत्तर यायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असेल. दुसरं टर्मिनल उघडून त्यात ८.८.८.८ ला पिंग लावा, हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. तिसऱ्यात एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला लावा. तिन्ही चालू ठेवून आपलं काम करत राहा. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल-सी.

नेट गेलं की या तीन खिडक्यांकडे बघा. राउटरचं पिंगच थांबलं, तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये आहे, या लेखाचा पुढचा भाग त्यासाठीच. राउटरचं उत्तर येतंय पण ८.८.८.८ गप्प आहे, तर वाय-फाय ठणठणीत आहे, खोट बाहेरच्या लाइनमध्ये. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की हे हमखास दिसतं: घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालू असतो, पण फायबरचा डबा नाहीतर सोसायटीच्या जिन्यातला स्विच इन्व्हर्टरवर नसतो. अशा वेळी लॅपटॉपला हात लावू नका. आणि दोन्ही पत्त्यांचं उत्तर येऊन फक्त नावाचं पिंग सुरूच होत नसेल, तर गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ या भागात जाऊन डीएनएसचं ऑटोमॅटिक बंद करा, तिथे १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहा आणि वाय-फाय पुन्हा जोडा.

रेंज आकड्यांत मोजा

कोपऱ्यातल्या पट्ट्यांवर विसंबू नका. "आयपी लिंक" दिल्यावर जी नावं येतात त्यांतलं डब्ल्यूएल या अक्षरांनी सुरू होणारं नाव तुमच्या वाय-फायचं. समजा ते डब्ल्यूएलपी२एस० आहे, तर "आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० लिंक" अशी आज्ञा द्या. सिग्नल या शब्दापुढे उणे आकडा येईल. उणे ५०च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉलला अडचण येऊ नये. उणे ७५च्या पलीकडे गेलं की तुटणं आलंच. हे माप साधं नाही: आकडा दहाने घसरला म्हणजे पोचणारी ताकद एक दशांश झाली. आत्याच्या ओसरीवर उणे ४८ होतं आणि माजघरात उणे ७९. आम्ही राउटर भिंतीवरून काढून मधल्या दाराच्या चौकटीजवळ उंचावर बसवला, तर माजघरात उणे ६२ मिळालं.

वाड्यात भिंतीचा त्रास, तर कोथरूड-वाकडच्या इमारतींत शेजाऱ्यांच्या राउटरांचा. "एनएमसीएलआय डेव्ह वायफाय" दिलं की आजूबाजूची सगळी नेटवर्क त्यांच्या चॅनलसकट दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर न चढता वापरता येतात. त्यांतला कमी गर्दीचा निवडून राउटरमध्ये कायम करा. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असतात. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: यूएसबी ३ची हार्डडिस्क किंवा तिची केबल २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करते. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. बॅकअप घेतानाच नेट जात असेल, तर डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावून बघा.

राउटर त्याच खोलीत असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्झ वापरा. तो भिंतीपलीकडे कमी पोचतो, पण तिथे गर्दी कमी असते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर लॅपटॉप इकडून तिकडे उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीला कॉल अडकतो. नावं वेगळी करा.

वीज वाचवणारी झोप

भिंतीचा प्रश्न सुटला तरी आत्याचा व्हिडिओ कॉल अधूनमधून गोठायचा. रेंज चांगली, तरी राउटरच्या पिंगमध्ये ३, ४, ३ आणि मध्येच ९८, १४०, २१० मिलिसेकंद. असा आकडा दिसला की माझा पहिला संशय पॉवर सेव्हिंगवर जातो. राउटर साधारण सेकंदाला दहा वेळा "मी इथे आहे, तुझ्यासाठी निरोप आहे किंवा नाही" असा संकेत सोडतो. बॅटरी वाचवायला वाय-फाय कार्ड मधल्या वेळात झोपतं, आणि तोवर राउटर त्याचे निरोप राखून ठेवतो. कार्ड वेळेवर जागं झालं तर काही बिघडत नाही. पण काही कार्डांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) इथे चुकतात, निरोप उशिरा पोचतात, कधी जोडणीच तुटते.

आधी तात्पुरतं बंद करून बघा: "सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ". दोन शब्दांमधली अधोरेषा विसरू नका. पुन्हा पिंग लावा. आकडे सपाट झाले तर चोर सापडला. मात्र मशीन पुन्हा सुरू केलं की ही सेटिंग जाते, म्हणून ती कायम करावी लागते. ईटीसी फोल्डरमधल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात (याच्या नावात मात्र एन आणि एम मोठे), त्यातल्या कॉन्फ-डॉट-डी मध्ये, उबुंटूवर डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन अशी फाइल असते. ती "सुडो नॅनो"ने उघडा, नॅनो हा टर्मिनलमध्येच फाइल बदलायचा प्रोग्राम आहे. नाव पुरतं टाइप करायची गरज नाही, दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबला की बाकीचं येतं. आत वायफाय-डॉट-पॉवरसेव्ह समोर ३ असेल, तिथे २ करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग मशीन एकदा पुन्हा सुरू करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, ते मला चालतं.

तरीही तुटत असेल तर

एका टर्मिनलमध्ये "जर्नलसीटीएल -एफ" चालू ठेवा, ही आज्ञा सिस्टीमच्या नोंदी येतील तशा दाखवते, आणि तुटण्याची वाट बघा. तुटताक्षणी डिसकनेक्टेड अशी ओळ येईल. तिच्यात "लोकली जनरेटेड" आणि पुढे १ असेल, तर जोडणी लॅपटॉपनेच सोडली. ते शब्द नसतील तर राउटरने तोडली असण्याची शक्यता जास्त, मग राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा.

लॅपटॉपनेच सोडली असेल तर ड्रायव्हर बघा. "एलएसपीसीआय -के"मध्ये नेटवर्क कंट्रोलरखाली चिपचं नाव आणि वापरातला ड्रायव्हर दिसतो. ब्रॉडकॉमच्या काही चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो, तो उबुंटूच्या अॅडिशनल ड्रायव्हर्स या खिडकीतून घाला. त्यासाठी नेट हवं ना? फोन यूएसबी केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्स तो लगेच ओळखतो. हा उपाय सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर मशीन चालू होताना ग्रब या सुरुवातीच्या यादीतल्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा आणि फरक पडतो का बघा. इंटरनेटवरून कुठला तरी ड्रायव्हर स्वतः कंपाइल करून घालणं मी टाळतो, पुढच्या कर्नलला तो मोडण्याची भीती असते आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सहीशिवाय चालतही नाही. त्यापेक्षा यूएसबीचं छोटं वाय-फाय अॅडाप्टर बरं. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तर मॉडेलवर जाऊ नका, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगळी चिप असू शकते. चिपचं नाव आधी शोधा, आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे याची खात्री करूनच घ्या. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे.

बदल केल्यावर पाच मिनिटं चाललं म्हणजे सुटलं असं धरू नका. लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग करून रात्रभर राउटरला पिंग लावून ठेवा. सकाळी कंट्रोल-सी दाबलं की खाली पॅकेट लॉसची, म्हणजे उत्तर न आलेल्या पिंगची, टक्केवारी येते. आत्याने दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फोन करून मला ती वाचून दाखवली, "शून्य टक्के लिहिलंय रे. आणि रात्रभर पाऊस होता."