रस्ता आणि पावसाळी गटाराचा खर्च मिळकतधारकांवर कसा वाटायचा

गल्लीतला रस्ता नवा करायचा, पावसाळी गटार घालायचं आणि त्याचा खर्च त्याच गल्लीतल्या मिळकतधारकांकडून घ्यायचा, याला सुधारणा आकार म्हणू. कर सगळ्यांकडून, सगळ्यांच्या सोयीसाठी घेतला जातो. सुधारणा आकार फक्त ज्याच्या जागेला खास फायदा होतो त्याच्याकडून, आणि त्या फायद्याच्या मर्यादेतच घ्यायचा असतो. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1531 च्या कायद्याने बांध-गटारांचा खर्च लाभ मिळणाऱ्या जमीनमालकांवर टाकायची सोय केली होती. भांडणाचं कारणही तेव्हापासून एकच आहे: "माझ्या नावावर हा आकडा आला कुठून?" या प्रश्नाचं उत्तर घरमालकाला कागद-पेन्सिल घेऊन स्वतः पडताळता आलं पाहिजे. पुढची सगळी पद्धत त्यासाठी आहे.

आधी पाणी, मग रस्ता, मग पैसे

हिशेबाला बसण्याआधी लेव्हल, म्हणजे जागोजागची उंची, मोजून घ्या. रस्त्याच्या मध्यरेषेवर दर 10 मीटरला, प्रत्येक फाटकाशी, प्रत्येक घराच्या जोत्याची, आणि पाणी शेवटी ज्या नाल्यात सोडायचं त्याच्या तळाची व पुराच्या खुणेची. ही शेवटची लेव्हल हमखास विसरली जाते. नाल्यातलं पुराचं पाणी तुमच्या पाइपाच्या तोंडापेक्षा वर चढत असेल तर गटार उलटं वाहील, आणि ज्यांनी पैसे भरले त्यांच्याच अंगणात पाणी येईल. अशा ठिकाणी आधी नाल्याचा प्रश्न सोडवा. तो खर्च एका गल्लीचा नसतो, तिच्या माथी मारू नका.

नव्या रस्त्याचा मध्य सर्वांत खालच्या जोत्याच्या खाली राहिला पाहिजे, 30 सेंटिमीटरचं अंतर मिळालं तर उत्तम. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकत गेलं की रस्ता वर येतो आणि घरं खड्ड्यात जातात. आडवा उतार 2 ते 2.5 टक्के ठेवा. त्याहून कमी असेल तर पाणी साचतं, आणि डांबराचा खरा शत्रू साचलेलं पाणीच.

आता एक गल्ली उदाहरणाला घेऊ आणि शेवटपर्यंत तीच चालवू. लांबी 125 मीटर, रस्ता 8 मीटर रुंद, दोन्ही बाजूंना साधारण 20 मीटर खोलीचे प्लॉट. प्लॉटांचं क्षेत्र 5,000 चौरस मीटर, रस्त्याचं 1,000.

पडलेला सगळा पाऊस गटारात येत नाही. छप्पर, फरशी, डांबर यांवरून जवळजवळ सगळा वाहून येतो, तिथे गुणांक 0.9 धरू. मोकळ्या मातीतलं बरंच पाणी मुरतं, तिथे 0.25. चिकणमाती असेल तर हा आकडा वाढवा. क्षेत्राला गुणांकाने गुणलं की 'वाहतं क्षेत्र' मिळतं. आपल्या गल्लीत प्लॉटांचं वाहतं क्षेत्र 3,100 आणि रस्त्याचं 900, मिळून 4,000 चौरस मीटर, म्हणजे 0.4 हेक्टर. तासाला 90 मिलिमीटर तीव्रतेचा पाऊस धरला तर 0.4 × 90 ÷ 360 = सेकंदाला 0.1 घनमीटर, म्हणजे 100 लिटर पाणी (360 ने भागणं फक्त एककं जुळवण्यासाठी). 1:500 उतारावर (500 मीटरला 1 मीटर) 450 मिलिमीटर व्यासाचा काँक्रीट पाइप पूर्ण भरून साधारण 125 लिटर नेतो, आणि वेग सेकंदाला 0.8 मीटरच्या आसपास राहतो. वेग 0.6 च्या खाली गेला की गाळ बसायला लागतो. 375 चा पाइप याच उतारावर 80 लिटरलाच थांबतो. म्हणून या गल्लीला 450 हवा. हा आकडा लक्षात ठेवा, पैशांच्या हिशेबात तो परत येणार आहे.

खर्चातून सार्वजनिक वाटा वेगळा काढा

घाईत हीच पायरी गाळली जाते आणि हीच कोर्टात अडकवते. 1898 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या नॉर्वुड गावाच्या प्रकरणात म्हटलं की खास फायद्याच्या बरंच पलीकडे जाणारी आकारणी म्हणजे तेवढ्यापुरती मोबदला न देता घेतलेली खासगी मालमत्ता. कॅलिफोर्नियात 1996 पासून खास फायदा आणि सर्वसाधारण फायदा वेगळे करून दाखवणं बंधनकारक आहे, तेही अभियंत्याच्या सविस्तर अहवालात. तुमच्या भागातला कायदा काहीही असो, ही फोड करून ठेवा.

सर्वांत सोपी रीत म्हणजे दोन अंदाजपत्रकं करणं. एक प्रत्यक्ष कामाचं, दुसरं फक्त या गल्लीपुरतं काम केलं असतं तर किती लागलं असतं त्याचं. आपल्या उदाहरणात (आकडे कुठल्याही चलनात वाचा) 8 मीटर रस्त्याला 5,30,000 लागतात. गल्लीतल्या घरांना 6 मीटर पुरले असते, त्याला 4,20,000. फरक 1,10,000 हा आरपार जाणाऱ्या वाहतुकीचा, तो सार्वजनिक निधीतून. गटाराचंही तसंच. वरच्या वस्तीचं पाणी याच पाइपातून न्यायचं म्हणून 600 मिलिमीटरचा पाइप घालायचा आहे, खर्च 4,00,000. गल्लीपुरत्या 450 च्या पाइपाला 3,20,000. वरचे 80,000 वरच्या वस्तीचे किंवा सार्वजनिक निधीचे.

रुंदी चौथ्या हिश्शाने कमी केली म्हणून खर्चही चौथ्या हिश्शाने कमी धरू नका. कर्ब (रस्त्याच्या कडेचे दगड), चेंबर (गटार तपासायचे, साफ करायचे खड्डे), खोदाई रुंदीच्या प्रमाणात घटत नाहीत. दुसरं अंदाजपत्रक खरोखर बाबवार करा.

दोन्ही अंदाजपत्रकांत आकस्मिक खर्च 10 ते 15 टक्के, आराखडा आणि देखरेख, माती परीक्षण, नोटिसा, कर्ज काढणार असाल तर कामाच्या काळातलं व्याज, हे सगळं धरा. जमिनीखालच्या पाण्याच्या लाइन, केबल आधी चर खणून प्रत्यक्ष बघा. नकाशावर एक असतं आणि खाली दुसरंच निघतं. आकारणी जाहीर झाल्यावर वाढीव रक्कम मागायला जाणं फार कठीण.

रस्त्याची वाटणी एक, पाण्याची दुसरी

सगळा खर्च एकत्र करून घरटी सारखा वाटणं सोपं आहे, पण ते फक्त सारख्या मापाच्या प्लॉटांच्या वसाहतीतच न्याय्य ठरतं. इतरत्र दोन वेगळे दर काढा. रस्त्याचा फायदा दर्शनी लांबीबरोबर, म्हणजे प्लॉटाच्या रस्त्याला लागून असलेल्या बाजूबरोबर वाढतो, तो मीटरने वाटा. गटारावरचा भार वाहत्या क्षेत्राबरोबर वाढतो, तो वाहत्या चौरस मीटरने वाटा.

गल्लीच्या दोन्ही बाजू मिळून दर्शनी लांबी 250 मीटर. चार प्लॉट कोपऱ्याचे आहेत, प्रत्येकाची 20 मीटरची लांब बाजू या रस्त्यावर. त्यांना दुसऱ्या रस्त्याचाही आकार कधीतरी भरावा लागणार, म्हणून लांब बाजू निम्मी धरली. 40 मीटर कमी झाले, उरले 210. रस्त्याचा दर 4,20,000 ÷ 210 = 2,000 प्रति मीटर. गटाराचा दर 3,20,000 ÷ 4,000 = 80 प्रति वाहतं चौरस मीटर. रस्त्याच्या स्वतःच्या 900 वाहत्या चौरस मीटरचे 72,000 सार्वजनिक निधीने द्यायचे, घरमालकांवर टाकायचे नाहीत.

एक मधला प्लॉट जवळून पाहा. दर्शनी 15 मीटर, क्षेत्र 300 चौरस मीटर. त्यातलं 180 छप्पर आणि फरशी, 120 मोकळी माती. वाहतं क्षेत्र 180 × 0.9 = 162, अधिक 120 × 0.25 = 30, एकूण 192. रस्त्याचे 15 × 2,000 = 30,000, गटाराचे 192 × 80 = 15,360. त्याची एकूण आकारणी 45,360. घरमालकाला एवढ्या चार ओळी मिळाल्या की तो टेप घेऊन स्वतःचं अंगण मोजतो, आणि चूक असेल तर ती तुमच्याआधी शोधून काढतो. ते व्हायलाच हवं.

शेवटी पडताळणी: घरमालकांकडून 4,20,000 + 2,48,000 = 6,68,000; सार्वजनिक वाटा 1,10,000 + 80,000 + 72,000 = 2,62,000. बेरीज 9,30,000, म्हणजे मूळ दोन खर्चांची बेरीज. एक रुपया, एक पैसा इकडेतिकडे झाला तरी तक्ता बाहेर जाऊ देऊ नका.

अवघड प्लॉटांचे नियम आधी लिहून ठेवा, नावं समोर आल्यावर ठरवू नका. मागच्या बाजूला असलेला, फक्त 4 मीटरच्या बोळाने रस्त्याला जोडलेला प्लॉट दर्शनी मापाने जवळपास फुकटात सुटतो. त्याचं क्षेत्र गल्लीच्या नेहमीच्या खोलीने भागा: 300 ÷ 20 = 15 मीटर, तेवढी दर्शनी धरा. वळणावरचे प्लॉट पुढे अरुंद, मागे रुंद असतात (किंवा उलटे), तिथे दोन्ही रुंदींची सरासरी घ्या. दोन रस्त्यांमध्ये आरपार असलेल्या प्लॉटाला फाटक ज्या बाजूला आहे किंवा काढता येतं, त्या बाजूनेच आकार लावा.

रिकाम्या प्लॉटावर मतभेद होतात. आज तिथे माती आहे म्हणून मालक 0.25 मागतो. माझ्या मते त्याला शेजारच्या बांधलेल्या प्लॉटांचीच सरासरी लावावी, कारण पाइपाचं माप ठरवताना तिथेही घर धरलेलं असतं. उद्या घर झालं की त्याचं पाणी इतरांनी पैसे देऊन घेतलेल्या जागेतून वाहणार. उलट, कुणी शोषखड्डा किंवा पावसाच्या पाण्याची टाकी बांधली असेल आणि ती खरोखर चालू असेल तर त्याचं वाहतं क्षेत्र कमी धरा. ज्या प्लॉटाचं पाणी मागच्या बाजूने दुसऱ्याच नाल्यात जातं, त्याच्यावर या गटाराचा आकार अजिबात लावू नका, तो नकाशावर गल्लीतला असला तरी. हद्द पाण्याच्या उताराने ठरते.

नोटीस आणि सुनावणी

प्रत्येक मालकाला त्याच्या प्लॉटाचं स्वतंत्र पान पाठवा. दर्शनी, क्षेत्र, पक्का भाग, मोकळा भाग, दोन दर, रक्कम, हप्त्यांचे पर्याय, हरकतीची शेवटची तारीख. सोबत सगळ्या गल्लीची यादी, कारण प्रत्येकजण शेजाऱ्याचा आकडा बघणारच. मालकी नोंदीतला पत्ता जुना असतो, मालक वारलेले असतात, घरात भाडेकरू राहतात. पोच नसलेल्या नोटिसा पुन्हा पाठवा आणि जागेवरही लावा. पोचच्या पावत्या जपून ठेवा, पुढे अपिलात पहिला प्रश्न त्यांचाच येतो.

हरकती तीन तऱ्हेच्या येतात. माप चुकलंय: त्याच आठवड्यात जागेवर जाऊन मोजा आणि दुरुस्त करा. फायदा होत नाही: उताराचा नकाशा घेऊन बसा, काही वेळा ते बरोबर असतात. पैसे नाहीत: ही हरकत आकारणीतून सुटत नाही, ती हप्त्यांतून किंवा मुदत वाढवून सोडवायची. वृद्ध किंवा एकट्या मालकाची रक्कम जागा विकेपर्यंत बोजा म्हणून लांबवता येते. त्याची रक्कम इतरांवर मात्र टाकू नका.

वसुली

एकरकमी भरायला महिनाभराची मुदत द्या, उरलेल्यांना हप्ते. 45,360 दहा वर्षांत, 6 टक्के व्याजाने, सारख्या हप्त्यात घेतले तर वर्षाला 6,163, एकूण व्याज 16,270. दरवर्षी 4,536 मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज अशी रीत ठेवली तर पहिला हप्ता 7,258, शेवटचा 4,808, आणि व्याज 14,969 वर येतं. दोन्ही तक्ते नोटिशीत छापा आणि मालकाला निवडू द्या. मुदतीआधी भरणाऱ्याला दंड लावू नका. मुदत रस्त्याच्या आयुष्यापेक्षा मोठी ठेवू नका, खड्डे पडलेल्या रस्त्याचे हप्ते कुणी मनापासून भरत नाही.

काम चालू असताना

काम नाल्याच्या बाजूने सुरू करून वर जा, म्हणजे मधेच पाऊस आला तरी पाण्याला वाट असते. पाइप, चेंबर, घरांच्या जोडण्या आणि भविष्यातल्या केबलसाठीचे रिकामे पाइप हे सगळं झाल्यावरच रस्ता. चर 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थराची दबाई करा. एकदम ढकललेली माती पहिल्या पावसात बसते आणि रस्त्याच्या मधोमध लांब खाच पडते. चेंबर दर 30 मीटरला आणि प्रत्येक वळणावर. सांडपाण्याची एकही जोडणी पावसाळी गटारात जाऊ देऊ नका, चर उघडा असतानाच प्रत्येक घराची जोडणी तपासा.

काम संपल्यावर मोजमाप पुस्तकावरून (झालेल्या कामाच्या नोंदवहीवरून) अंतिम खर्च काढा आणि दोन्ही दर पुन्हा मांडा. खर्च कमी झाला असेल तर फरक त्याच प्रमाणात परत करा किंवा शेवटच्या हप्त्यातून वजा करा, दुसऱ्या गल्लीच्या कामाला वळवू नका. ज्याचे पैसे पूर्ण झाले त्याला बोजा उतरवल्याचा दाखला त्याच महिन्यात द्या आणि मालकी नोंदीतही तशी नोंद करून घ्या. ही नोंद राहून गेली तर ते दहा वर्षांनी, घर विकताना कळतं, आणि तोवर पावत्या हरवलेल्या असतात.