उच्च वातावरणाच्या संशोधनासाठी अनुदान मागताना सोलापूरकरांनी या चुका टाळा

प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात 'सोलापूर हा मागास, अवर्षणप्रवण जिल्हा' असं लिहिलेलं असतं, आणि तिथेच घसरण सुरू होते. तज्ज्ञ समिती शोधत असते तो वैज्ञानिक प्रश्न. तो सोलापूरच्या डोक्यावरच आहे, फक्त नीट मांडावा लागतो.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. आयनांबरातल्या, म्हणजे उच्च वातावरणातल्या विद्युतभारित थरातल्या, इलेक्ट्रॉनांची सर्वाधिक दाटी होते अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यावर. साधारण १७.७ अंश उत्तरेला असलेलं सोलापूर या दोहोंच्या मधल्या उतारावर येतं. सूर्यास्तानंतर विषुववृत्ताकडून वर उठणारे प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित वायूतले विरळ, बुडबुडे पुरेसे उंच गेले की उत्तरेला इथवर पसरतात आणि उपग्रहांचे संदेश थरथरवतात. हे अर्ध्या पानात, एका नकाशासह मांडा.

त्यावर परीक्षक हमखास विचारतात: कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं निरीक्षण केंद्र आहे, मग सोलापूर कशाला? बहुतेक प्रस्तावांत याचं उत्तरच नसतं. उत्तर असं: रात्री हे बुडबुडे पूर्वेकडे सरकतात, वेग साधारण सेकंदाला १०० मीटर. सोलापूर कोल्हापूरच्या पूर्वेला सुमारे १८० किलोमीटर. म्हणजे तिथे दिसलेला बुडबुडा इथे अर्ध्या तासाने यायला हवा. तो आला का, वाटेत विरला का, वेग बदलला का, हे दोन ठिकाणं मिळूनच सांगू शकतात. कोल्हापूरला स्पर्धक न मानता जोडीदार करा आणि माहितीच्या देवाणघेवाणीचं पत्र प्रस्तावाला जोडा.

आणखी एक गोंधळ ढगांचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापुरात केलेला कृत्रिम पावसाचा प्रयोग तपांबरातला, म्हणजे अगदी खालच्या थरातला. हवामानाचा फुगाही ३०-३५ किलोमीटरवर फुटतो, ते स्थितांबर झालं. आपला विषय ८० किलोमीटरच्या वरचा. संदर्भांत ढगांचे निबंध भरले, की विषयच कळलेला नाही असा अर्थ घेतला जातो.

वेळापत्रकाची चूक सगळ्यात महाग पडते

एअरग्लो, म्हणजे उच्च वातावरणाचा स्वतःचा मंद उजेड, टिपणारा कॅमेरा ६३०.० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात सुमारे २५० किलोमीटरवरचा थर टिपतो, ५५७.७ च्या हिरव्यात सुमारे ९७ किलोमीटरवरचा. त्याला निरभ्र आणि बिनचंद्राची रात्र लागते. सोलापूर पर्जन्यछायेत असलं तरी जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलंच असतं. उरतात ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही महिन्याला अमावास्येच्या आगेमागे १२-१३ रात्री. नेमका याच काळात उसाचा गळीत हंगाम. कारखान्यांचे दिवे, चिमण्यांचा धूर आणि पेटवलेले पाचट क्षितिज उजळवतात. फताटेवाडीचा औष्णिक वीज प्रकल्प दक्षिण बाजूला उजेड टाकतो तो वेगळाच. म्हणून जागा नकाशावर ठरवू नका. डिसेंबर-जानेवारीत, कारखाने चालू असताना, आभाळाचा अंधार मोजणाऱ्या स्काय क्वालिटी मीटरने दहा रात्री मोजणी करा आणि तो तक्ता प्रस्तावात द्या. एवढं करणारे फार थोडे असतात.

बुडबुडे आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतात ते मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात. मंजुरी, निविदा, आयात यांत आठ-दहा महिने गेले की पहिले दोन्ही हंगाम हातचे जातात. शिवाय बुडबुडे सूर्याच्या सक्रियतेबरोबर वाढतात-घटतात. ती कमाल टप्प्यात पोचल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा आता दरवर्षी बुडबुडे कमी होत जाणार. तीन वर्षांच्या आराखड्यात उतरतीचा काळ गृहीत धरूनच प्रश्न घडवा.

या सगळ्याला सुटसुटीत उपाय म्हणजे सुरुवात जीएनएसएस (जीपीएससारख्या दिशादर्शक उपग्रहांच्या) रिसीव्हरने करणं. त्याला ढग, चंद्र, दिवे कशाचीच अडचण नाही. मात्र भूमापनाचा रिसीव्हर घेऊ नका. तो बहुधा सेकंदाला एकच नोंद देतो. त्यातून एकूण इलेक्ट्रॉनसंख्या निघते, पण थरथरीची तीव्रता सांगणाऱ्या एस-४ निर्देशांकासाठी सेकंदाला ५० नोंदी लागतात. अँटेना पत्र्याच्या छपरावर किंवा पाण्याच्या टाकीशेजारी बसवली, तर परावर्तित लहरी मिसळून खोटी थरथर दिसते. ती ओळखायची खूण सोपी: जीपीएसचा तोच उपग्रह त्याच दिशेला आला की, रोज सुमारे चार मिनिटं आधी, तीच थरथर पुन्हा उमटते. सिमेंटच्या गच्चीवर उंच खांब घ्या, आणि विश्लेषणात क्षितिजापासून ३० अंशांखालचे उपग्रह वगळा.

जागेचे कागद. गायरानावर सरपंचांचं पत्र पुरत नाही, जमीन सरकारची असते. जिल्हा परिषदेच्या शाळेची गच्ची हवी तर परवानगी जिल्हा परिषदेची लागते. नान्नजचा माळ अंधारा आहे खरा, पण ते माळढोकचं अभयारण्य आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीत वर्ष जाऊ शकतं. संलग्न ग्रामीण महाविद्यालयाची स्वतःची इमारत सर्वांत सोयीची. वीज गावठाण फीडरवरची घ्या. शेती फीडरवर ती पाळीनेच येते. यंत्र लहरी सोडणारं असेल, उदाहरणार्थ रेडिओ लहरींनी आयनांबराची उंची मोजणारं आयनोसोंड, तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी लहरींचे परवाने देणाऱ्या) शाखेचा परवाना आधी लागतो.

पैशाचा हिशेब

जुन्या प्रस्तावावरून तक्ता उतरवणं ही नेहमीची चूक. संशोधन उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये बंद झाली. १२ लाखांच्या यंत्राला १८ टक्क्यांनी १४,१६,००० लागतात. जुन्या दराने १२,६०,००० धरले असतील तर १,५६,००० कमी पडतात, आणि ते देणार कोण, यावर खरेदी अडते. जेआरएफचं (कनिष्ठ संशोधकाचं) मानधन जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, एसआरएफचं (वरिष्ठ संशोधकाचं) ४२,०००. दोन वर्षं पहिलं आणि एक वर्ष दुसरं धरलं तर १३,९२,०००, वर घरभाडे भत्ता. बॅटरी, यूपीएस, वीजरोधक आणि मे महिन्याच्या उन्हात कॅमेऱ्याची खोली थंड ठेवणं, यांसाठी वेगळी ओळ हवी. 'किरकोळ'मध्ये ते बसत नाही.

एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेकडे जायचं की इस्रोच्या रिस्पॉन्ड या अनुदान योजनेकडे, हे प्रश्न पाहून ठरवा. रिस्पॉन्डला इस्रोच्या कामाशी थेट नातं लागतं, म्हणून आधी रिस्पॉन्ड बास्केट या इस्रोच्या यादीतले विषय वाचा. तोच प्रस्ताव दोन्हीकडे न सांगता पाठवू नका.

मंजुरीनंतर हप्ता अडतो तो विनियोग प्रमाणपत्रावर. नमुना जीएफआर (केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला) १२-अ, यंत्रसामग्री आणि चालू खर्च वेगवेगळा दाखवलेला. खात्यावरचं व्याज खर्च करता येत नाही, ते केंद्राच्या संचित निधीत भरावं लागतं. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू नसेल तर तसा अहवाल खरेदीच्या आधीच्या तारखेचा हवा. विद्यापीठाच्या वित्त विभागातला जो माणूस हे कागद पाहणार आहे, त्याला प्रस्ताव पाठवण्याआधीच तक्ता दाखवा.