सोलापूरहून रेस ट्रॅकवर: छोट्या ट्विनवर (दोन सिलिंडरच्या गाडीवर) सुरुवात करताना

सोलापुरात रेसिंगबद्दल विचारणारी पोरं पहिला प्रश्न एकच विचारतात: कुठली गाडी घेऊ? माझं उत्तर दरवेळी तेच असतं. गाडी आत्ता घेऊच नका. आधी ट्रॅकवर जाऊन शिका, मग परवाना काढा, मग कुठल्या गटात उतरायचं ते ठरवा, आणि गाडी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की तीन-चार लाख रुपये गॅरेजमध्ये कव्हरखाली पडून राहतात आणि ट्रॅकवर जायला पैसे उरत नाहीत. रेसिंगमध्ये पैसा लॅपवर, म्हणजे ट्रॅकच्या चकरांवर घालायचा असतो. जितके लॅप तितकं शिक्षण, बाकी सगळं त्यानंतर.

आपल्याकडे सोलापुरात ट्रॅक नाही. रोड रेसिंगचं देशातलं घर दक्षिणेत आहे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक, साधारण 3.7 किलोमीटरचा. जुने लोक त्याला अजून एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात, आता तो मद्रास इंटरनॅशनल सर्किट. 1953 साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तो चालवतो. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे, 2.1 किलोमीटर, छोटा आणि वळणावळणाचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 5 किलोमीटरच्या वर आहे, तिथे 2023 च्या सप्टेंबरात मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलची सगळ्यात वरची जागतिक स्पर्धा झाली. पण नवशिक्याचं काम चेन्नई आणि कोइम्बतूरलाच होतं. आणि इथे सोलापूरकराचं नशीब चांगलं आहे, कारण मुंबई–चेन्नई रेल्वेमार्ग आपल्या स्टेशनातूनच जातो.

त्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पुणे रोड, विजापूर रोड, तुळजापूर रोड, यांतला कुठलाही रस्ता सरावाची जागा नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या जोडीने चाललेल्या असतात, आणि पहाटेच्या अंधारात त्या शंभर फुटांवर आल्याशिवाय दिसत नाहीत. माझ्या ओळखीतली दोन घरं अशा पहाटेत उद्ध्वस्त झाली. शिवाय हायवेवर जे जमतं ते ट्रॅकवर उपयोगी पडत नाही. सरळ रस्त्यावर गाडीचा कान (थ्रॉटल) पिळायला कौशल्य लागत नाही. ट्रॅकवर लागतं ते ब्रेक, नजर आणि अंग, आणि ते शिकायला बंद जागाच हवी.

सोलापुरात राहून करता येण्यासारखं एक आहे. एखाद्या संस्थेची रीतसर परवानगी काढून मोकळं डांबरी आवार मिळवा, शंभर-दीडशे सीसीची कुणाचीही जुनी गाडी वापरा, प्लॅस्टिकचे कोन मांडा आणि ब्रेक शिका. पुढचा ब्रेक दोन बोटांनी धरायचा. आधी हलकेच दाबायचा, पुढचा शॉकअप दबू द्यायचा, वजन पुढच्या टायरवर येऊ द्यायचं, आणि मगच जोर वाढवायचा. पहिल्याच झटक्यात दाबलात तर टायरवर वजन नसतं आणि चाक घसरतं. तोच जोर अर्ध्या सेकंदाने लावलात तर टायर जमिनीला चिकटून बसतो. त्या वेळी गुडघ्यांनी टाकी आवळलेली पाहिजे, हातांवर अंगाचा भार नको. आठवड्यातून एकदा तासभर हेच करा. कंटाळवाणं वाटतं, पण ट्रॅकवर पहिल्या दिवशी तुमच्यात आणि बाकीच्यांत जो फरक दिसतो तो याचाच.

शाळेबद्दल. देशातल्या मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना म्हणजे एफएमएससीआय. स्पर्धेचा परवाना तीच देते, आणि नव्या माणसाला त्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचं प्रमाणपत्र लागतं. बरोबर वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रक्तगट, आणि वय अठराच्या आत असेल तर पालकांची संमती. या शाळा बहुधा चेन्नई-कोइम्बतूरच्या ट्रॅकवरच भरतात, आणि बऱ्याच ठिकाणी गाडी त्यांचीच मिळते. कपडेसुद्धा भाड्याने मिळतात का ते आधी विचारून घ्या. पहिल्या खेपेला मिळाले तर घ्या, पण हेल्मेट स्वतःचंच न्या.

शाळेत निशाणं पाठ करून घेतात. ती खरोखर पाठ असली पाहिजेत, झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजेत. पिवळं म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू वेगात पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) परत. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता घसरडा, बहुतेक वेळा कुणाचं तरी ऑईल सांडलेलं. निळं म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, आपली लाईन सोडू नका. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर दिसला तर तुमच्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब ट्रॅकच्या बाहेर व्हा. निशाण दाखवणारा मार्शल उन्हात दिवसभर उभा असतो तो तुमच्या जिवासाठी. सत्र संपल्यावर परतताना त्याला हात करा.

आता ट्विन. दोन सिलिंडरची छोटी गाडी मला नवशिक्यासाठी योग्य वाटते, कारण तिच्या इंजिनात धक्का कमी असतो. एक सिलिंडरची गाडी खालच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) जोरात ओढते, आणि वळणात थ्रॉटल जरा उग्रपणे उघडला तर मागचं चाक अस्वस्थ होतं. ट्विनची ताकद वरच्या आरपीएमला असते. यामाहा आर3 चं उदाहरण घ्या: 321 सीसी, 42 पीएस ताकद, तेही 10,750 आरपीएमला. वळणात वेग घालवलात तर तो सरळ पट्ट्यावर लवकर भरून निघत नाही. म्हणून ही गाडी तुम्हाला वेग राखायला शिकवते. मोठ्या गाडीवर शिकलेला माणूस वळणात चुकतो आणि पट्ट्यावर भरून काढतो, आणि वळण तसंच कच्चं राहतं. टायर आणि ब्रेक पॅडही छोट्या गाडीचे सावकाश झिजतात, खर्चाच्या दृष्टीने हे फार मोठं आहे.

याच कारणाने जगभरच्या क्लब रेसिंगमध्ये हलक्या ट्विनचे गट टिकून आहेत. 1999 साली आलेल्या सुझुकी एसव्ही650 वर, 645 सीसीच्या व्ही-ट्विनवर (व्ही आकारात बसवलेले दोन सिलिंडर), परदेशातल्या कितीतरी पिढ्या शिकल्या. 2017 पासून जागतिक पातळीवर सुपरस्पोर्ट 300 ही स्पर्धा सुरू झाली, आणि 2018 मध्ये आना कारास्को ही स्पॅनिश मुलगी कावासाकी निन्जा 400 वर ती जिंकली. मोटरसायकल रोड रेसिंगचं एकेरी जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली महिला. सोलापुरातल्या ज्या मुली मला बिचकत विचारतात, त्यांना मी हे नाव मुद्दाम सांगतो.

गाडी निवडताना सीसीचा कागद आधी वाचा. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धेत 301 ते 400 सीसीचा प्रो-स्टॉक गट झालेला आहे. त्या हिशोबात आर3 बसते. निन्जा 300 प्रत्यक्षात 296 सीसीची आहे, म्हणजे आकड्याने खालीच राहते. एप्रिलिया आरएस 457 आपल्या शेजारी बारामतीला बनते, 47.6 पीएसची फार सुरेख गाडी आहे, पण 457 सीसी म्हणजे चारशेच्या गटाच्या वर. तुम्हाला स्पर्धेच्या ज्या फेरीत उतरायचंय तिची त्या वर्षीची नियमपुस्तिका हातात घेऊनच शोरूममध्ये किंवा जुन्या गाडीच्या मालकाकडे जा. दुसरी वाट वन-मेक कपची. 2021 साली सुरू झालेल्या रॉयल एनफिल्ड कॉन्टिनेंटल जीटी कपमध्ये सगळ्यांना 648 सीसीच्या सारख्याच ट्विन दिल्या गेल्या. त्या गाडीचं रस्त्यावरचं मॉडेल दोनशे किलोच्या वरचं, हलकं अजिबात नाही, पण अशा कपमध्ये निवड झाली तर गाडी विकत घ्यायचा प्रश्नच उरत नाही. म्हणूनही सांगतो, खरेदीची घाई करू नका.

जुनी गाडी मिळाली तर उत्तम, ट्रॅकवर फेअरिंग (बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण) ओरखडणारच आहे. इंजिनला हात लावू नका. चांगले टायर, नवं ब्रेक ऑईल, नवे पॅड, आणि काढता येईल ते सगळं काढून टाका: आरसे, हेडलाइट, इंडिकेटर, स्टँड, नंबर प्लेट. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) काढून साधं पाणी भरा, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की मागच्यांसाठी ते तेलाइतकंच घसरडं असतं.

मग रेसआधीच्या तपासणीत ज्यावर सगळ्यात जास्त गाड्या अडतात ते काम: लॉकवायर. ऑईलचा ड्रेन बोल्ट, ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट हे थरथरीने सुटू नयेत म्हणून त्यांच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं भोक पाडून स्टेनलेसची तार ओवायची आणि जवळच्या पक्क्या जागी पीळ देऊन बांधायची. तारेचा ओढा बोल्ट आवळण्याच्या दिशेने असला पाहिजे, उलटा बांधला तर ती तार नुसती शोभेची. ऑईल फिल्टरला मात्र भोक पाडायचं नाही, त्यावर क्लॅम्प आवळून क्लॅम्पला तार बांधायची. ही बारीक भोकं घरच्या ड्रिलवर नीट पडत नाहीत, बिट तुटतो. आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारे लेथवाले आहेत, त्यांच्यासारखा हात मी चेन्नईतही पाहिला नाही. माझे बोल्ट अशाच एका वयस्कर कारागिरांनी केले. त्यांनी आधी बोल्ट कशाला लागतो ते विचारलं, मग प्रत्येकाच्या डोक्याच्या कोपऱ्यातून तिरपं भोक घेतलं, म्हणजे पान्याची पकड शाबूत राहिली. मागाचा भाग असो की रेसच्या गाडीचा, थरथर तीच, असं ते म्हणाले. फूटपेगचं (पाय ठेवायच्या दांडीचं) ब्रॅकेट वाकलं तर पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या टीमच्या आवारात, नवं मिळेपर्यंत फेरी संपते. असे दोन-तीन तुकडे इथूनच करून न्या.

गाडी रेल्वेने पाठवताना पार्सल ऑफिसला एक दिवस आधी जा. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, टाकीत थेंबही चालत नाही. आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते. पॅकिंगवाला गोणपाट गुंडाळून दाभणाने सुतळी शिवतो, पण त्याच्या आत टाकीला आणि लिव्हरला तुम्ही स्वतः जुनी सोलापुरी चादर घट्ट बांधा, गोणपाट ओरखडे थांबवत नाही. लिव्हर आणि फूटपेग काढून सामानात घेतलेत तर आणखी बरं. चेन्नईला उतरल्यावर ट्रॅकपर्यंत छोटा टेम्पो करावा लागतो. सोबत सोलापूरच्या पूर्व भागातला तेलुगू बोलणारा मित्र असेल तर प्रवासात आणि पॅडॉकमध्ये फार सोपं जातं. तमिळ येत नसलं तरी तेलुगू समजणारं कुणी ना कुणी भेटतंच.

अंगावर घालायच्या गोष्टींत तडजोड नाही. एकसंध लेदर सूट, पाठीचं आणि छातीचं प्रोटेक्टर, मनगट झाकणारे हातमोजे, घोटा झाकणारे बूट, डबल डी-रिंगचं (दोन कड्यांतून पट्टा आवळायचं) फुल फेस हेल्मेट. यातलं काही परवडत नसेल तर रेस पुढच्या वर्षी करा. विम्याचंही पाहा. गाडीच्या नेहमीच्या विम्यात रेसिंगमधलं नुकसान धरत नाहीत, आणि आरोग्य विम्यातही धोकादायक खेळांबद्दलची ओळ शोधून वाचा. घरच्यांना हे सगळं कागद समोर ठेवून सांगा. माझ्या आईला वेगाची भीती नव्हती, काय होईल ते माहीत नसण्याची होती. सूट, ट्रॅकवरची रुग्णवाहिका, मार्शल हे सगळं व्हिडिओत दाखवल्यावर ती शांत झाली.

प्रत्यक्ष फेरीत नवखा माणूस उन्हाने हरतो. आपल्याला सोलापूरच्या उन्हाची सवय असते, पण चेन्नईचा दमटपणा वेगळा. लेदरमध्ये घाम वाळत नाही, पाचव्या-सहाव्या लॅपला नजर जवळ येऊ लागते, आणि नजर जवळ आली की वळण चुकतं. आदल्या दिवसापासून मीठ-साखर-लिंबाचं पाणी पीत राहा. टायरचा दाब गाडी पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असताना मोजा आणि वहीत लिहा. थंड टायरचा आकडा सकाळ-दुपार बदलतो, त्यावरून काही कळत नाही.

पहिल्या रेसला सुरुवातीच्या वळणात, पट्टा संपून सगळे एकत्र आत शिरतात तिथे, बाहेरच्या बाजूला जागा ठेवून चला. दोन स्थानं जातील, जाऊ द्या. गाडीवर ट्रान्सपाँडर लावलेला असतो, त्यामुळे रेस संपली की प्रत्येक लॅपची वेळ छापून मिळते. निकालाच्या आधी तो कागद बघा. तुमच्या वेळा एकमेकींच्या जवळ असतील तर तुम्ही शेवटून दुसरे असलात तरी गाडी तुमच्या ताब्यात आहे आणि पुढच्या फेरीला वेग वाढवता येईल. एक लॅप झकास आणि पुढचा तीन सेकंदांनी मंद असेल, तर पुढच्या फेरीची प्रवेश फी भरण्याआधी त्याच पैशात एक सरावाचा दिवस घ्या.