कॉलेजचा बास्केटबॉल कोच : खान्देशात ही वाट कशी चालायची

आधी एक गैरसमज काढून टाका. अनुदानित महाविद्यालयाच्या जाहिरातीत 'बास्केटबॉल प्रशिक्षक' अशी जागा शोधत बसलात तर वर्षं निघून जातील. तिथं पद असतं 'शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक'. तोच माणूस क्रिकेटचा संघ नेतो, बुद्धिबळाच्या फॉर्मवर सही घेतो आणि संध्याकाळी रिंगखाली उभा राहतो. म्हणून दोन कामं पहिल्या दिवसापासून बरोबरीनं चालवायची: पदव्या आणि मैदान.

पदव्यांचं गणित सरळ आहे. पदवीनंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) दोन वर्षं, एम.पी.एड. (त्याचीच पदव्युत्तर पदवी) दोन वर्षं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार या पदासाठी एम.पी.एड.ला ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत), आणि नेट-सेट (अध्यापनाच्या पात्रता परीक्षा) किंवा नियमानुसार मिळवलेली पीएच.डी. नेटमध्ये शारीरिक शिक्षणाचा विषय क्रमांक ४७.

याच नियमांतली शारीरिक क्षमता चाचणी मात्र पुष्कळ जण गृहीत धरतात. तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, चाळिशीपर्यंत १५०० मीटर. तिशीपर्यंतच्या महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १८०० म्हणजे साडेचार फेऱ्या, एका फेरीला २ मिनिटं ४० सेकंद. हा वेग काही फार नाही. पण पहिली फेरी दीड मिनिटात मारणाऱ्याला तिसरीत धाप लागते. घड्याळ लावून एकसारख्या वेगानं पळायची सवय आधीच करा.

त्याच नियमांत आणखी एक अट आहे: उमेदवारानं स्वतः आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेलं असावं आणि त्याची नोंद असावी. म्हणजे एफ.वाय.ला असताना मिळालेलं साधं सहभागाचं प्रमाणपत्र दहा वर्षांनी कामाला येतं. ते लॅमिनेट करू नका, पडताळणीत शिक्का आणि सही स्वच्छ दिसायला हवी.

जागा निघेपर्यंत सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) काम मिळू शकतं. पैसे तासिकेवर, सुट्टीत काही नाही. या काळात शाळेचा १४ किंवा १७ वर्षांखालचा संघ हातात घ्या, एनआयएसचा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करा, आणि सामन्यात गुणलेखकाच्या टेबलावर बसून स्कोअरशीट (गुण आणि फाउलची नोंद) भरायला शिका. स्कोअरशीट न येणारा कोच चौथ्या क्वार्टरमध्ये आपल्याच खेळाडूच्या फाउलबाबत पंचाशी वाद घालत बसतो.

आता मैदान. कोर्ट २८ बाय १५ मीटर, भोवती दोन-दोन मीटर मोकळं, म्हणजे ३२ बाय १९ ची जागा. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळच्या सरावात एका बाजूच्या संघाच्या डोळ्यांत थेट सूर्य. आपल्याकडची खरी अडचण काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर सरळ काँक्रीट ओतलं की दोन-तीन हंगामांत तडे. काळी माती काढून मुरूम थराथरानं भरा, प्रत्येक थर पाणी मारून रोलरनं दाबा, वर काँक्रीट सांधे ठेवून चौकोनांत ओता, आणि पाणी वाहून जाईल एवढा उतार द्या.

शेवटी गवंड्यावर नजर ठेवा. तो घराच्या फरशीसारखी गुळगुळीत घोटाई करून देईल आणि वर शाबासकी मागेल. सकाळचं दव किंवा घाम पडला की अशा कोर्टावर गुडघे फुटतात. ओल्या काँक्रीटवर झाडू फिरवून खरखरीत करून घ्या. रिंग ३.०५ मीटरवर हवी. पोरं लटकून ती पुढं झुकवतात, म्हणून दर महिन्याला टेप लावा. अशा कोर्टावर चामड्याचा चेंडू लवकर झिजतो, रबरीच घ्या. मुलांना ७ नंबर, मुलींना ६ नंबर, दर दोन खेळाडूंमागं एक तरी चेंडू हवा.

कॉलेजात येणारी बहुतेक मुलं कबड्डी किंवा व्हॉलीबॉल खेळून आलेली असतात. कबड्डीवाला बचावात छान खाली बसतो, पण हात थेट धरायला जातो. पाच फाउल झाले की तो बाहेर. त्याला पहिला महिना हात पाठीमागं बांधून नुसत्या पायांनी डिफेन्स करायला लावा. व्हॉलीबॉलवाला लेअपला (रिंगजवळ धावत जाऊन उडी मारून चेंडू टाकताना) दोन्ही पायांवर उडतो. त्याला आधी ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) देऊच नका. रिंगपासून एका पावलावर उभा करा: डावा पाय टेकव, उजवा गुडघा वर, चेंडू फळीवर. मग दोन पावलं, उजवा-डावा-उडी. ड्रिबल त्यानंतर. क्रम उलटा केला तर पाय चुकीचाच पक्का होतो आणि तो मोडायला पुढचा हंगाम जातो.

नव्वद मिनिटांचा सराव पुरतो: १० वॉर्मअप, २० दोन्ही हातांनी लेअप, १५ पासिंग, २५ चारास चार डिफेन्स, २० खेळ. वेळ एस.टी. बघून ठरवा. गावाकडची मुलं पासवर येतात. शेवटची गाडी सहाची असेल तर साडेसहाचा सराव फक्त शहरातल्या मुलांसाठी उरतो. मार्चपासून सकाळी सहालाच सुरू करा. कापूस वेचणी, दिवाळीची सुट्टी आणि सत्र परीक्षा हंगामातच येतात, म्हणून बारा जणांच्या संघासाठी अठरा जण तयार ठेवा.

कागदात सगळ्यात जास्त घोळ होतात. अकरावी-बारावीचा मुलगा कितीही उंच असो, विद्यापीठाच्या स्पर्धेत चालत नाही. त्याच्यासाठी १९ वर्षांखालची शालेय स्पर्धा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वय १७ ते २५. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची प्रवेश पावती, ओळखपत्र: ही फाइल ऑगस्टमध्येच प्रत्येकाच्या नावानं लावा.

सामन्याच्या किमान ४० मिनिटं आधी नावं टेबलावर द्यायची, १० मिनिटं आधी पहिले पाच सांगायचे. टाइमआउट पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात तीन. शेवटच्या दोन मिनिटांत दोनच वापरता येतात, त्यामुळं तिसरा त्याआधी घेतला नाही तर वाया.

कॉलेजचा संघ दोन-तीन वर्षं शिस्तीत खेळला की जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघासोबत व्यवस्थापक किंवा प्रशिक्षक म्हणून जायची संधी येऊ शकते. अश्वमेध (राज्यातल्या विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव) आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा हे पुढचे टप्पे. तिथं जाताना मूळ कागदांची फाइल स्वतःच्या पिशवीत ठेवा, खेळाडूंकडं देऊ नका. आणि तिकिटं, पावत्या रोजच्या रोज वहीत चिकटवा, कारण परत आल्यावर आगाऊ रकमेचा हिशेब तुमच्याच नावावर असतो.